एकाच नंबराची दोन कार्डं

कॉलेजच्या फाटकावर जो माणूस उभा असायचा त्याला पोरं हातोडा म्हणत. तोंडावर हातोडामामा, पाठीमागे नुसतं हातोडा. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं.

हे नाव त्याला एका मारामारीने दिलं. कॉलेजच्या निवडणुकीचे दिवस होते. बाहेरच्या टोळक्यातला एक जण सायकलची साखळी मुठीला गुंडाळून फाटकावरून आत उडी मारून आला आणि समोर सापडलेल्या पहिल्याच पोराचा गाल त्याने कानापासून ओठापर्यंत उघडला. दुसऱ्याकडे वळेपर्यंत आपल्या गड्याची मूठ त्याच्या जबड्यावर बसली होती. जबडा मोडल्याचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू गेला, असं त्या वेळी जिन्यावर उभे असलेले सगळे सांगतात, आणि सांगणारे इतके आहेत की निम्मं कॉलेज जिन्यावरच उभं असणार. साखळीवाला आडवा झाला. त्याचे दात झाडूवालीला दुसऱ्या दिवशी गटाराच्या जाळीवर सापडले. हातोड्याला या नावाचा अभिमान होता, उगाच खोटं कशाला सांगा. मिशीवर हात फिरवत तो म्हणायचा, "आपल्याला ओळखपत्र बघावं लागत नाही. तोंड बघितलं की कळतं, आतलं आहे की बाहेरचं."

घरातही हात तोच होता. दार उघडायला उशीर झाला, ताटातलं गार झालं, समोरून उलट उत्तर आलं, एवढं त्याला पुरायचं. बायको स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून कोपर चेहऱ्यापुढे धरायची आणि हनुवटी खांद्यात घालायची, म्हणजे निदान डोळे वाचत. मुलगी दाराआडून बघायची. मारून झालं की तो निवांत जेवायला बसे. पुढे वय झालं, गुडघे कुरकुरायला लागले, घरातला मार कमी होत होत थांबला. आणि थांबलं म्हणजे मिटलं, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली.

मग एक दिवस कॉलेजात गडबड झाली. नवीन आलेला एक पोरगा कार्ड विसरला होता. तो हुज्जत घालायला लागला, आणि हातोड्याने त्याच्या कानाखाली आवाज काढला. पोरगा आतलाच निघाला. कानाचा पडदा फाटला होता, कानातून रक्त कॉलरवर उतरत होतं, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे आईवडील प्राचार्यबाईंच्या खोलीत बसले होते.

प्राचार्यबाई त्याला म्हणाल्या, "तुम्ही जुने आहात म्हणून ठेवतेय. पण यापुढे फाटकावर कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे तुम्ही ठरवायचं नाही. मशीन ठरवेल. पुन्हा हात उचललात तर दुसऱ्या दिवशी येऊ नका."

तर असं ते मशीन आलं. म्हणजे कॉलेज आधुनिक वगैरे झालं असं माहितीपुस्तकात छापलं होतं, पण खरी गोष्ट ही होती. मुलांना नवी कार्डं मिळाली. वर फोटो, मधे नाव, खाली बारकोडच्या काळ्या रेघा. हातोड्याच्या हातात पिस्तुलासारखा एक स्कॅनर आला. त्याचा तांबडा उजेड रेघांवर पडला की टेबलावरच्या डब्यात हिरवा दिवा लागे आणि 'टिंग' वाजे. खोटं कार्ड असलं तर लाल दिवा आणि घरघर. आणि तिसरी एक सोय होती: आत असलेल्याच नंबराचं कार्ड पुन्हा आत यायला लागलं, तर डबा भोंग्यासारखा ओरडायचा. एका कार्डावर दोघांनी शिरू नये म्हणून.

सुरुवातीला हातोडा मशीनवर खार खाऊन होता. मग त्याला सवय झाली. मान खाली, रेघा, टिंग, पुढे. मुलंही हुशार, रेघा मोकळ्या राहाव्यात म्हणून सगळी कार्डाची वरची बाजू धरत, अंगठा बरोबर फोटोवर. आत जाणाऱ्यांची तोंडं बघायची गरजच उरली नाही. जो माणूस तोंड बघून माणूस ओळखायचा, तो आता नुसते हात आणि नखं बघत होता. रंगवलेली नखं, कुरतडलेली नखं, शाईने माखलेली बोटं.

त्याच सुमारास मुलगी घरी परत आली.

तिचं लग्न हातोड्यानेच ठरवलं होतं, शिक्षण मधेच सोडायला लावून. जावई पत्र्याच्या कारखान्यात होता. कापायच्या मशीनमध्ये त्याच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं होतं. बघायला आला तेव्हा सासऱ्याने हात मिळवला आणि त्या थोट्या अंगठ्याच्या हातातसुद्धा असली पकड पाहून खूश झाला. "मनगटात जोर आहे. पोरीकडे वाकड्या नजरेने बघायची कुणाची छाती नाही," असं तो बायकोला म्हणाला होता. 

तर मुलगी आली ती एका चपलेवर. वरचा ओठ फाटून नाकापर्यंत गेला होता, आणि डोक्यावर मुठीएवढ्या जागेतले केस मुळासकट उपटलेले. हातोड्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो सरळ कारखान्यात गेला, जावयाला कामावरून ओढून पत्र्यांच्या ढिगावर आपटला आणि सगळ्यांसमोर तुडवला. बरगड्या मोडल्या. जावई पत्र्यावर पडून रक्त थुंकत म्हणाला, "तिला सोडणार नाही. तुमच्या डोळ्यांसमोर मारीन." पोलिसांनी दोघांनाही उचललं. सुटताना फौजदार हातोड्याला म्हणाला, "काका, पुढच्या वेळी तो मेला तर तुम्ही आत, आणि तुम्ही आत गेलात तर पोरीकडे बघणार कोण?"

प्राचार्यबाईंनी या खेपेलाही सांभाळून घेतलं. एवढंच काय, मुलीला पुन्हा दुसऱ्या वर्षाला प्रवेश दिला. नोकरांच्या मुलांना फी माफ होती. पण जाता जाता त्यांनी मागची अट पुन्हा ऐकवली. हातोड्याला ते नीट समजलं. आता त्याची नोकरी म्हणजे मुलीचं कॉलेज होतं, आणि मुलीचं कॉलेज म्हणजे तिची सुटका. त्याने एकदा कुणाचं थोबाड फोडलं की संपलं. जावई बाहेर मोकळा फिरत होता. पण कॉलेजला भिंत होती, फाटक होतं आणि फाटकावर बाप होता. तेवढ्या आवारात तरी पोरगी मान वर करून चालेल, असं त्याला वाटायचं, आणि ती खरंच चालायला लागली होती.

आणि तो भोंगा त्याच्या डोक्यात जायला लागला. मुलं चहाला बाहेर जाताना कार्ड दाखवत नसत. परत आत आली की डब्याच्या मते ती आतच असत, आणि डबा गळा काढायचा. दिवसभर हेच. पोरांना खेळ सापडला. मुद्दाम बाहेर जायचं, आत यायचं, भोंगा वाजला की हात वर करायचे आणि ओरडायचं, "मामा, मारू नका, मारू नका!" मागची रांग खदाखदा हसायची. एकदा एकाने भोंगा वाजल्यावर गाल पुढे केला आणि डोळे मिटून उभा राहिला. हातोड्याची मूठ वळली होती. ती त्याने कशीबशी टेबलाखाली दाबली, इतकी की टेबलाच्या कडेने सालटं निघालं.

त्याच दिवशी त्याने कॉम्प्युटरवाल्याला गाठलं. "ए, तो भोंगा बंद कर."

"मामा, ती सोय मुद्दाम ठेवलीय. एकाच नंबराची दोन कार्डं आली तर कळायला नको का?"

"एका नंबराची दोन कार्डं येतीलच कशी? पोरं चहा पिऊन येतात रे. बंद कर, नाहीतर माझ्या हातून कुणाचा तरी जीव जाईल, आणि माझी पोरगी घरी बसेल."

कॉम्प्युटरवाल्याने त्या हाताकडे बघितलं आणि भोंगा बंद केला. आता नंबर दुसऱ्यांदा आला तरी डबा निमूटपणे टिंग म्हणायचा. हातोड्याला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपण डोकं शांत ठेवून एक गोष्ट मार्गी लावली, असं त्याच्या मनात आलं.

आता घरात काय घडलं ते ऐका, कारण ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मुलगी बसथांब्यावरून येताना जावयाने तिला गाठलं होतं. केसांना धरून तिचं डोकं थांब्याच्या खांबावर आपटलं, लोक धावले तेव्हा तिची पर्स हिसकावून पळाला. पर्समध्ये कार्ड होतं. घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. आईने कपाळावरचं टेंगूळ शेकलं आणि म्हणाली, "बाबांना कळू द्यायचं नाही. त्यांना कळलं की ते त्याचा मुडदा पाडतील आणि तुरुंगात जाऊन बसतील. दार लागलं म्हणून सांग." दोघी मायलेकींनी तोंडाला कुलूप घातलं. मुलीने ऑफिसात कार्ड हरवलं एवढंच सांगितलं. तिथे त्याच फोटोचं, त्याच रेघांचं दुसरं कार्ड निघालं. नंबर विद्यार्थ्याचा असतो, कार्डाचा नसतो, अशी तिथली पद्धत होती. जुनं कार्ड बंद करावं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

हातोड्याने टेंगूळ बघितलं. "काय झालं गं?"

"दार लागलं, बाबा."

त्याला ते पटलं. त्याची बायकोही शेजाऱ्यांना इतकी वर्षं हेच सांगत आली होती, पण ते त्याला त्या वेळी आठवलं नाही.

परीक्षेचा पहिला दिवस. फाटकावर झुंबड. मुलगी लवकर येऊन वाचनालयात जाऊन बसली होती. जाताना तिने कार्ड दाखवलं, टिंग झालं, ती हसली, तोही हसला. मग लोंढा आला. कुणी चालता चालता वाचतंय, कुणी तोंडाला रुमाल बांधलेला, कुणी टोपी डोळ्यांवर ओढलेली, सगळ्यांच्या पाठीला बॅगा. मान खाली, रेघा, टिंग, पुढे. रेघा, टिंग, पुढे. एक हात आला. नखांत काळं ग्रीस. फोटोवर अंगठा. टिंग. "पुढे." मग एक मेंदीच्या रंगाच्या नखांचा हात आला, टिंग. मग एक घड्याळाचा. टिंग.

अंगठा.

अंगठ्याला नख नव्हतं. अंगठा मधेच संपला होता, आणि त्याच्या खाली मुलीचं नाव होतं.

 हातोड्याने मान वर केली तर समोर नुसत्या पाठी आणि बॅगा. त्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या मुलीचं कार्ड तपासलं होतं, तिच्या चेहऱ्यावर तिच्या नवऱ्याचा थोटा अंगठा होता, आणि तो 'पुढे' म्हणाला होता. भोंगा ओरडला असता. भोंगा त्यानेच बंद करवला होता. स्कॅनर टाकून तो पळत सुटला, आणि मागची रांग न तपासताच आत घुसली.

वाचनालयाच्या दारातच त्याला तो आवाज आला. ओल्या लाकडावर काही आपटल्यासारखा.

जावयाने बॅगेतून लोखंडी पाना काढला होता, कारखान्यातला, हातभर लांब. मुलगी टेबलाखाली शिरली होती आणि तो एका हाताने तिचा पाय ओढत दुसऱ्या हाताने पाना हाणत होता. तिने उजवा हात डोक्यावर धरला होता. त्या हाताचं मनगट आणि कोपर यांच्या मधे आणखी एक सांधा झाला होता. टेबलावरच्या उघड्या पुस्तकावर रक्ताचे शिंतोडे होते. भोवती मुलं भिंतीला चिकटून किंचाळत होती, आणि ग्रंथपाल हातातला रबरी शिक्का उगारून तसेच थिजले होते.

हातोड्याने त्याला मानेला धरून उचलला आणि पुस्तकांच्या लोखंडी कपाटावर तोंडावर घातला. एकदा. पाना सुटला. दुसऱ्यांदा नाक गेलं. मग तो खाली पडला आणि हातोडा त्याच्या छातीवर बसला. उजवी मूठ, डावी मूठ. खालच्या तोंडाचा आकार बदलला तरी मूठ थांबेना. जावयाचे हात कधीच बाजूला पडले होते, घशातून नुसतं गुळगुळ ऐकू येत होतं. आणि एक गोष्ट सांगायलाच हवी: हातोड्याला बरं वाटत होतं. इतके दिवस टेबलाखाली दाबलेलं सगळं आता बाहेर पडत होतं, आणि मुलगी कुठे आहे, कशी आहे, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

कुणीतरी मागून त्याची बाही ओढली. "पुरे! मरेल तो!"

त्याने बाही झटकली. पुन्हा ओढली. तो गर्रकन वळला, मूठ उगारूनच.

मागे मुलगी होती. उजवा हात लोंबत होता, केसांतून रक्त भुवईवर येत होतं. त्याची मूठ वर दिसताच तिने डावं कोपर चेहऱ्यापुढे घेतलं आणि हनुवटी खांद्यात घातली.

बाकी कुणाला त्यात काही दिसलं नसेल. हातोड्याने ते कोपर ओळखलं. ते त्याच्या स्वयंपाकघरातलं होतं. जावयाकडे जायच्या कितीतरी आधी ती ते शिकली होती, दाराआड उभी राहून. त्याची मूठ वरच राहिली, खाली कशी आणायची ते त्याला सुचेना. त्याला तिथेच, त्या सगळ्या पोरांसमोर, मरून जावंसं वाटलं.

जावई जगला. तो तुरुंगात गेला आणि पातळ केलेलं अन्न खातो, असं कळलं. मुलीच्या हातात स्टीलची पट्टी घालून हाड जोडलं, पण मधली दोन बोटं वळेनात. परीक्षा बुडाली. गंमत म्हणजे, हातोड्याला कुणी काढलं नाही. उलट प्राचार्यबाईंनी सभा घेऊन त्याचं कौतुक केलं. पोरं शिट्ट्या मारत ओरडली, "हा-तो-डा! हा-तो-डा!" तो व्यासपीठावर हार घालून उभा होता आणि तोंडात मारल्यासारखा दिसत होता.

घरी तो बायकोला म्हणाला, "मला सांगायचं होतंत गं तुम्ही. कार्ड गेलं एवढं तरी."

"तुम्हाला सांगायचं?" बायको म्हणाली. भांडी विसळता विसळता तिने मागे वळूनही बघितलं नाही. "या घरात तुम्हाला काय काय सांगत नाही, याची तुम्हाला कल्पना आहे का?"

त्याला नव्हती. तो बाहेर जाऊन पायरीवर बसला.

भोंगा पुन्हा सुरू झाला. सगळ्यांचे नंबर बदलले. पोरं पुन्हा चहाला जाऊन येत, डबा पुन्हा गळा काढे, आणि हातोडा प्रत्येक वेळी मान वर करून समोरचं तोंड नीट बघे. कुणी गाल पुढे केला तरी त्याचा हात आता शिवशिवत नव्हता.

नव्या वर्षी मुलगी परत आली. डाव्या हाताने लिहायला शिकली होती. ती रांगेत उभी राहिली, तिची पाळी आली, आणि तिने डाव्या हाताने कार्ड पुढे केलं. अंगठा नावावर होता, फोटो उघडा. हातोड्याने सवयीने स्कॅनर उचलला.

तिचं कोपर वर गेलं.

फार नाही, वीतभर. तिने लगेच ते खाली घेतलं आणि कानामागे केस सारल्यासारखं केलं. मागची मुलगी पुस्तकात बघत होती. हातोड्याने स्कॅनर टेबलावर उताणा ठेवला, त्याचं तोंड वर येईल असा, आणि दोन पावलं मागे सरकला.

"तूच दाखव," तो म्हणाला.

तिने कार्ड उजेडावर धरलं. टिंग. ती आत गेली. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मागच्या रांगेलाही तसंच करायला सांगितलं. पुढे त्याने सुताराकडून स्कॅनरसाठी लाकडाची बैठक करून घेतली. मुलं आपापलं कार्ड दाखवतात, हा हात मागे बांधून तोंडं बघत उभा असतो. मामा साहेब झाले, अशी टिंगल होते. होऊ दे.

परवा तो जेवणाचा डबा घरी विसरला. मुलगी येताना घेऊन आली आणि फाटकावर उभी राहून म्हणाली, "बाबा, डबा."

डबा घ्यायला हात पुढे करणं भागच होतं. त्याने एक हात पाठीमागून काढला, तळवा उघडा ठेवून, अगदी सावकाश, तिला सगळा वेळ दिसेल असा पुढे आणला. तिने डबा त्या हातावर ठेवला. तिचं कोपर तरीही थोडं हललंच.